सासूचा एफा, सुनेचा एफा

५ नोव्हेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नका. घरी सगळे खुशाल आहेत. तुमची लेक ठणठणीत आहे आणि तुमचे जावई नेहमीसारखेच चष्मा शोधताहेत. मुलांच्या लग्नाला चार वर्षं झाली, तेवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आजही लिहिली नसती, पण काम पडलंय आणि ते करू शकेल असा माणूस माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय दुसरा नाही. अडला हरी म्हणतात ना, तसं. पुढचे शब्द तुम्हाला पाठ असतीलच, ते मी लिहीत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी जुन्या हिब्रू लोककथांचं भाषांतर करायला घेतलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना नद्या आणि डोंगर शिकवले, आता म्हटलं स्वतःच्या नावाचं एक पुस्तक व्हावं. ते छापायला जायच्या बेतात आहे आणि संपादकांनी एका गोष्टीवर बोट ठेवलंय. गोष्ट एवढीशीच. एक विधवा सून जमीनदाराच्या शेतावर राबते. हंगाम संपताना तो म्हणतो, एका खेपेत पेलेल तेवढं धान्य तुझं. ती एफाभर जव डोक्यावर घेते, टेकडी चढते, घरी येऊन सासूपुढे ठेवते. सासू बघते आणि म्हणते, "एवढंच?" संपली गोष्ट.

आता एफा म्हणजे किती? धान्याचं माप आहे एवढं मला कळतं. संपादकांना लिटर नको. म्हणतात, लिटर लिहिलं की बाई तेलाचा डबा घेऊन चालली आहे असं वाटतं. साहेबाच्या काळात आपल्या वाचकांचे आजोबा सरकारी गोदामात बुशेल, पेक आणि गॅलननं धान्य मोजायचे, ती जुनी इंग्रजी मापं गोष्टीला शोभतात. वजनमापे निरीक्षक म्हणून तुमचा जन्म त्यातच गेला. तेव्हा एका एफात किती बुशेल, ते कळवा.

आणखी एक. तुमची इमारत पाडणार आहेत आणि जानेवारीअखेर तुम्हाला जागा सोडायची आहे, हे सूनबाईकडून समजलं. आमची मागची खोली रिकामी आहे आणि तुम्ही तिथे यावं असा तिचा हट्ट आहे. मी तिला स्पष्ट सांगितलं, एका घरात दोन शहाणे मावत नाहीत. ज्या माणसानं लग्नाच्या जेवणात दूध पुरवणाऱ्या माझ्या सख्ख्या भावाचा मापाचा डाव मोजायला मागितला, आणि पाहुणे ताटं हातात धरून उभे असताना तो डाव लहान असल्याचं जाहीर केलं, त्याच्याबरोबर माझा स्वयंपाकघरात निभाव लागायचा नाही. हे तुमच्या तोंडावर सांगितलेलं बरं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

उत्तर लवकर पाठवा.

तुमची विहीण


११ नोव्हेंबर

आदरणीय विहीणबाई यांस,

आपले पत्र मिळाले. कन्येने हे काम फोनवरच उरकावे असे सुचवले होते, परंतु मी आकडा फोनवर सांगत नाही. तोंडी आकड्याला पुरावा नसतो.

प्रथम खोलीविषयी. आपण निश्चिंत असावे. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक खोली मी पाहून ठेवली आहे. खाली भट्टी असल्याने थंडीत जमीन उबदार राहते. बेकरीवाला सज्जन आहे आणि त्याचा पाव वजनात भरतो, हे मी त्याच्या नकळत तपासले आहे. आपल्या मागच्या खोलीला माझ्यापासून धोका नाही.

आता काम. हिब्रू कोरड्या मापांची उतरंड अशी: दहा एफांचा एक होमर. एका एफात तीन सेआ, किंवा दहा ओमर, किंवा अठरा कॅब. जुन्या इंग्रजी मापांत दोन पाइंटांचा एक क्वार्ट, चार क्वार्टांचा एक गॅलन, दोन गॅलनांचा एक पेक आणि चार पेकांचे एक बुशेल. जुन्या अभ्यासकांच्या हिशेबाने एक एफा म्हणजे ०.९९० बुशेल. पूर्ण बुशेलला पाऊण पाइंटसुद्धा कमी नाही. त्यात मावणाऱ्या जवाचे वजन पन्नास पौंडांच्या घरात जाते.

पन्नास पौंड डोक्यावर घेऊन टेकडी चढून आलेल्या सुनेला जी बाई "एवढंच?" म्हणते, तिच्याविषयी मी अधिक लिहीत नाही. माझे क्षेत्र मापांपुरते आहे. पण आपल्या पुस्तकात ही सासू अगदी निर्दय दिसेल याची काळजी आकड्याने घेतली आहे, एवढेच नमूद करतो.

डाव अर्ध्या लिटरचा म्हणून सांगितला होता. तो नव्हता.

आपला,
व्याही


१६ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

धन्यवाद. पण जमीनदार काय म्हणतो आता? "बाई गं, शून्य पूर्णांक नऊ नऊ शून्य बुशेल उचल आणि घरी जा"? ही गोष्ट आहे, तुमच्या कचेरीचा दाखला नाही.

दुसरं असं की तुमच्या आकड्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसले. तिथल्या नव्या ग्रंथात साफ लिहिलंय की एफा बावीस लिटरचा. म्हणजे दोन पेक, तीन क्वार्ट आणि पाऊण पाइंटाच्या आतबाहेर. मी तीनदा भागाकार केला. एका बुशेलचा हा फार तर तीन पंचमांश. वजन पन्नास पौंड नाही, तीस! तुम्ही त्या बिचाऱ्या सासूवर चांगले वीस पौंड जास्तीचे चढवलेत.

आणि तीस पौंड असेल तर तिचं काय चुकलं, मला सांगा. हंगामभर सून राबली. जमीनदार म्हणतो पेलेल तेवढं ने. घरात दोन तोंडं, पुढे अख्खा हिवाळा. सासू निर्दय नाही, हिशेबी आहे. "एवढंच?" हा टोमणा नाही, चौकशी आहे. मी स्वतः सासू आहे, मला फरक कळतो.

तुमचा एफा मोठा का झाला, हे न कळण्याएवढी मी भोळी नाही. लेकी बोले सुने लागे, तसं एफाच्या आडून तुम्ही मला बोलताय. तुमच्या लेकीला मी या घरात कधी "एवढंच?" म्हटलं असेल तर तिलाच विचारा.

विहीण

ता.क. भट्टीवरच्या खोलीत उन्हाळ्यात काय करणार?


२१ नोव्हेंबर

आदरणीय विहीणबाई यांस,

तीस वर्षे मी बाजार तपासला. व्यापारी, दूधवाले, कोळसेवाले, प्रत्येकाने माझ्यावर काही ना काही आरोप केले, परंतु माप एका बाजूला झुकवल्याचा आरोप आजवर कोणी केला नव्हता. तो मान आपण मिळवलात.

वस्तुस्थिती अशी आहे की एफाविषयी दोन मते आहेत. उत्खननात माप लिहिलेली मडकी सापडली, त्यांवरून बावीस लिटरचा अंदाज निघतो. एका प्राचीन इतिहासकाराने ग्रीक मापांशी मेळ घालून ठेवला आहे, त्यावरून छत्तीस किंवा अधिक. मी थोरल्या मताचा आहे. आपण धाकट्या मताच्या आहात. आपण कोणत्या नात्याने धाकट्या मताच्या आहात, ते आपणच लिहिले आहे.

कन्येला मी विचारले. ती म्हणाली, "बाबा, आई मला काही बोलत नाहीत, फक्त मी केलेली भाजी खाऊन झाल्यावर एक सुस्कारा सोडतात." सुस्काऱ्याचे एकक माझ्याकडे नाही.

वाद कागदावर मिटणार नाही असे दिसते. कचेरीत लिटर आले तेव्हा जुनी पितळी मापे मोडीत काढली. तेव्हापासून बुशेलचे माप माझ्याकडे आहे, दर आठवड्याला चिंच लावून घासतो. ते सपाट भरून, वरून पट्टी फिरवून, जव घेऊन एक माणूस चढ चढू शकतो की नाही हे प्रत्यक्ष पाहता येईल. चढू शकला, तर थोरला एफा ग्राह्य. बेकरीवाला जव देण्यास तयार आहे. त्याचाच जिना वापरीन, म्हणजे नव्या जागेचीही परीक्षा होईल.

निकाल कळवतो.

व्याही

ता.क. उन्हाळ्यात खिडकी उघडीन.


४ डिसेंबर

व्याहीबुवा,

निकालाचं काय झालं? संपादक रोज विचारतात. मी त्यांना सांगितलंय की तज्ज्ञ प्रयोग करताहेत. ते म्हणाले, "तज्ज्ञांना सांगा, पुस्तक या शतकात काढायचंय."

प्रयोगाला माणूस कोण शोधलात तेही लिहा. बेकरीतला एखादा धट्टाकट्टा गडी असेल तर तो प्रयोग मला मान्य नाही. गोष्टीतली बाई उपाशी होती.

विहीण


९ डिसेंबर

आदरणीय विहीणबाई यांस,

उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. प्रयोगाचा निकाल अनिर्णित आहे. इतर कामांची गडबड आहे.

हस्ताक्षर वाकडे दिसते ते निब बिघडल्यामुळे.

व्याही


१४ डिसेंबर

निब बिघडली म्हणे!

बेकरीवाल्याचा सूनबाईला फोन आला होता. तुम्ही त्याला "घरी कळवायचं नाही" अशी शपथ घातली होती, ती त्यानं थोडे दिवस पाळली, मग त्याला राहवेना. सगळं कळलं मला. एकाहत्तराव्या वर्षी पन्नास पौंडांचं पितळी माप डोक्यावर घेऊन जिना चढायला निघालात! पितळेचं वजन वेगळंच, ते तरी हिशेबात धरलं होतंत का? पहिला मजला चढलात, वळणावर कंबर लचकली आणि बसलात ते तिथेच. तो म्हणत होता, काका पायरीवर बसले होते, मांडीवर जव, केसांत जव, खालपर्यंत सगळ्या पायऱ्यांवर जव, आणि गिऱ्हाइकं मदतीला धावली तर हात वर करून ओरडताहेत, "कोणी झाडू लावायचा नाही! आधी सांडलेलं मोजू द्या!"

मी हसले. खोटं कशाला बोलू, फोन सूनबाईच्या हातात द्यावा लागला इतकी हसले. मग ती रडायला लागली आणि मी बघितलं तर माझेही डोळे भरले होते.

डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केलाय, तेही कळलं. म्हणजे बेकरीवरची खोली गेली. आमची मागची खोली तळमजल्यावर आहे. तिथल्या ट्रंका मी हलवून घेतल्या. या.

विहीण


२० डिसेंबर

आदरणीय विहीणबाई यांस,

आपल्या पत्राबद्दल आभारी आहे, परंतु येणे होणार नाही. कारणे लिहितो.

आपला प्रश्न नसता तर मी जिना चढलो नसतो, असे आपल्या मनाने घेतले आहे. त्या टोचणीपोटी आपण खोली देता आहात. सहा आठवड्यांपूर्वी माझ्यासाठी त्या घरात जागा नव्हती, आणि त्यानंतर बदलली ती फक्त माझी कंबर. दयेने मिळालेल्या खोलीत मला झोप येणार नाही.

शिवाय दोष आपला नाहीच. पितळेचे वजन मी हिशेबात धरले नव्हते हे खरे आहे, आणि त्याची लाज मला कंबरेपेक्षा जास्त दुखते. पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. बावीस लिटरचाच आकडा बरोबर, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मडक्यांवर माप लिहिलेले आहे, तो पुरावा. त्या इतिहासकाराचे ऐकीव. कचेरीत असा ऐकीव पुरावा कोणी आणला असता तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. पण गोष्टीतली सून वाचली आणि मला माझी लेक दिसली. मापाला हात लावताना मी कोणाची तरी बाजू घेतली, असे हे पहिल्यांदाच घडले. तेव्हा आपण जिंकलात. दोन पेक, तीन क्वार्ट, पाऊण पाइंटाच्या आतबाहेर. छापायला हरकत नाही.

गावाबाहेर वयस्कर मंडळींसाठी एक निवास आहे, तिथे जागा मिळते आहे. तळमजला आहे, जेवण वेळेवर मिळते आणि सगळे शांत असतात. दहा जानेवारीला मी तिकडे जातो. कन्येला आपण समजावून सांगाल अशी आशा आहे. तिला लिहायला मला धीर होत नाही.

व्याही


२७ डिसेंबर

व्याहीबुवा,

सूनबाईला मी काहीही समजावणार नाही. तुमच्यात धीर नसेल तर मी काय टपालखातं उघडलंय?

तुमचं पत्र वाचून मी एक वेडेपणा केला. तुमचाच संसर्ग. बादली घेतली, तिच्यात तीस पौंड गहू भरले आणि गच्चीचा जिना चढायला लागले. म्हटलं बघू तरी. निम्म्यात बसले. छाती धडधडतेय, मान अवघडलेली, आणि अजून निम्मा जिना वर. तिथे बसून मला पहिल्यांदा ती टेकडी कळली. आणि ही सासू घरात बसून म्हणते, "एवढंच?" अहो, चौकशी कसली, टोमणाच तो! मी तिची वकिली करत होते कारण मीही सुस्कारा सोडते. भाजीत मीठ कमी असतं, पण ते तोंडानं सांगता येतं. परवा सांगितलं. सूनबाई म्हणाली, "एवढंच ना?" आणि आम्ही दोघी हसलो.

आता तुमच्या दयेचं. कसली दया? ऐका. माझे यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. ते होते तोवर या घरात रोज वाद व्हायचा. पंखा किती वर ठेवायचा, वर्तमानपत्राची घडी कशी घालायची, कशावरूनही. आता मुलगा म्हणतो, "आई, तू म्हणशील तसं." सून म्हणते, "आई, तुमचंच बरोबर." दोघं गुणी आहेत, माझा मान ठेवतात. मान ठेवून ठेवून जीव नकोसा केलाय माझा! चूक बोलले तरी कोणी खोडत नाही. मला वाटायला लागलं होतं की मी कधीच मेले आणि हे लोक फोटोशी बोलताहेत.

मग तुमचं पहिलं पत्र आलं. "डाव अर्ध्या लिटरचा म्हणून सांगितला होता. तो नव्हता." इतका राग आला मला, की रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्या दिवसापासून रोज टपालाची वाट बघते. नऊ डिसेंबरच्या तुमच्या चार ओळी आल्या तेव्हा मला बरं वाटलं नाही, व्याहीबुवा. सगळे शांत असतात अशा ठिकाणी तुम्ही काय करणार? आणि मी इथे काय करणार?

भावाची काळजी करू नका. त्याचा डाव मी घरी आणून मोजला. चांगला पाच चमचे लहान निघाला. त्याला तसं सांगितलं, तो आता माझ्याशीही बोलत नाही. सुटलो दोघं.

पुस्तकाच्या शेवटी मापांचं कोष्टक छापायचंय, त्याचं प्रूफ सोबत जोडलंय. गोष्टीत मी "अडीच पेक, वर शीग" असं केलंय. सपाटच्या गोष्टी मला सांगू नका. जमीनदारानं आपण होऊन दिलेलं धान्य कोणी पट्टी फिरवून देत नाही. प्रूफ तपासा. छापखान्यात बारा जानेवारीला जायचंय. चूक सापडली तर इथे येऊन दाखवा. टपालानं आलेली दुरुस्ती मी मानणार नाही.

विहीण


२ जानेवारी

विहीणबाई,

प्रूफ तपासले.

कॅब: क्वार्टाहून किंचित अधिक. बरोबर. ओमर: अर्ध्या गॅलनला थोडा कमी. बरोबर. सेआ: पेकाचे चार पंचमांश. बरोबर. एफा: अडीच पेकांना किंचित कमी. बरोबर, पण "वर शीग" मला बिलकूल मान्य नाही आणि त्याबद्दल मी समोरासमोर बोलणार आहे. कोरडे माप सपाटच असते, देणारा जमीनदार असो की देव.

होमर: साठ बुशेल.

साठ! दहा एफांचा एक होमर, म्हणजे सहा बुशेलला थोडा जास्त. साठ बुशेल जव त्या सासूच्या दारात ओतले तर ती, सून आणि जमीनदार तिघेही दिसायचे नाहीत. असले कोष्टक आपल्या नावाने छापून आले तर मी ज्या निवासात असेन तिथे मला झोप लागणार नाही.

जन्मभर शाळेत शिकवलेल्या, तीन-तीनदा भागाकार करणाऱ्या बाईच्या हातून हे शून्य चुकून पडले, असे समजण्याइतका मी साधा नाही. पत्र चार वेळा वाचले. मधला परिच्छेद त्याहून अधिक वेळा. मला असे पत्र आजवर कोणी लिहिले नव्हते. निवासवाल्यांना नकार कळवून आलो. आधी तेच करणे योग्य वाटले.

आठ तारखेला दुपारच्या गाडीने पोचतो. सामान थोडे आहे. बुशेल डाव्या बाजूला चेपले आहे, ते बरोबर आणतो. काठी घेऊन चालतो, पण चालतो.

जावईबापूंना स्टेशनवर पाठवू नका. ते "बाबा, तुम्ही म्हणाल तसं" म्हणत घरापर्यंत आणतील. तुम्हीच या.

तुमचा व्याही